देव्हाऱ्यातलं कार्ड

त्या रविवारी सकाळी आम्ही दोघं मागच्या पडवीत भिरंडं फोडायला बसलो होतो. भिरंडं म्हणजे रातांबे, ज्यांच्या सालीची कोकमं होतात. मी सुरीने दोन वाट्या करायच्या, तिने बोट घालून आतला गर आणि बिया ओढून काढायच्या. सालं एका टोपात, गर दुसऱ्यात. लग्नापासूनची वाटणी ती. दहा वाजले असतील.

"मधोमध कापा हो," ती म्हणाली. "एक वाटी मोठी, एक ल्हान. वाळल्यार कोण घेतलो तुमची कोकमां?"

"पोटात गेल्यार सगळी सारखीच."

"पोटाचा नाव काढू नकात," असं म्हणून ती हसली, आणि पदराला हात पुसत पुन्हा उठली. बसल्यापासून तिसऱ्यांदा ती मागे जात होती. मी मोजत नव्हतो. खोटं कशाला लिहू, मोजत होतो.

परत आली, बसली, टोप जवळ ओढला. म्हणाली, "अर्धी टोपली रवली. जेवच्या आधी संपवया."

सोमवारी दुपारी तीन वाजता ती नव्हती.

रविवारी दहाला माणूस भिरंडाच्या वाट्यांवरून नवऱ्याला बोल लावतं आणि सोमवारी तीनला ते नसतं, हे मला अजून कळलेलं नाही. वर्ष होईल आता. मी चौथीपर्यंत शिकलो. अठ्ठावीस वर्षं डिचोलीच्या खाणीवर टिप्पर चालवला. खाणी बंद पडल्या तसा लाटंबार्शाला घरी बसलो, काजूची थोडी झाडं आहेत ती राखली. मरण मी पाहिलेलं आहे. रस्त्यावर पाहिलंय, घरात पाहिलंय. पण त्याला काहीतरी वेळ लागतो. हे असं नव्हतं. आणि हे असं का झालं ते मला ठाऊक होतं, एकट्याला. म्हणून लिहितो.

आमची एकच मुलगी. पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. काय काम करते ते आम्हाला बरीच वर्षं धड माहीत नव्हतं. आईच्या आजाराच्या आदल्या चवथीला, गणपतीत, घरी आली होती, तेव्हा तिच्या आईने विचारलं, "बाये, तू थय करतंस तरी काय? शेजारीण विचारता, मी सांगतंय रक्त तपासता म्हणान."

मुलगी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, भरत होती. भरता भरता सांगू लागली. आपल्या अंगात लढणाऱ्या पेशी असतात. रोग आला की त्या सुटतात आणि मारतात. पण त्या मोकाट सुटल्या तर आपलंच अंग खातील. म्हणून त्यांना थोपवणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. सप्रेसर टी पेशी असं पूर्वी म्हणायचे, आता दुसरं नाव आहे, मला ते तोंडात येत नाही. ती घरात 'थोपवणारे' म्हणायची.

"म्हणजे बावटेवालो," मी म्हटलं.

खाणीच्या रस्त्यावर शाळेच्या वळणाला एक माणूस असायचा, हातात लाल बावटा. अंगाने काडी. पण त्याने बावटा आडवा धरला की वीस-वीस टिप्पर धुरळ्यात उभे राहायचे. पोरं रस्ता ओलांडून गेली की मग तो बावटा खाली करायचा. आम्ही त्याला शिव्या द्यायचो, खेप चुकली म्हणून.

मुलीला ते फार आवडलं. "अगदी तसोच, बाबा! पण तो नुसतो उभो रवान थांबवता काय कोणाचा हात धरता, ह्या कळूक व्हया. ताच माझा काम."

"दिसता तुका?" तिच्या आईने विचारलं.

"पेशी पाण्यासारखी. काय दिसणा नाय. म्हणान अँटिबॉडी लावतो. ती अंगातच तयार होणारी वस्तू, आमी बाहेर करून घेतो. एक अँटिबॉडी एकाच खुणेर चिकटता, दुसरीकडे चिकटूचीच नाय. तिका रंग लावलो की ती खंय बसली ती कळता."

"प्रसादाची पाकळी," तिची आई म्हणाली.

आमच्याकडे देवळात कौल घेतात. गुरव देवाच्या पाषाणावर ठरलेल्या जागी फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपण गाऱ्हाणं घालायचं, उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको. माझी बायको प्रत्येक गोष्टीला कौल घ्यायची. गाय विकायलासुद्धा.

"तशीच, आई. फक्त आमची पडूक नको. चिकटान रवाक व्हयी."

"आनि भलत्याच जाग्यार चिकटली तर?"

"मग सगळा चित्र खोटा. वर्षभराचा काम पाण्यात. एक खोटी खूण पुरता. म्हणान धा वेळा तपासतो."

"आमचो गुरव कधी कधी बोटान ढकलता," तिची आई म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या.

मग मुलीने पीठ लागलेल्या हाताने फोन काढला आणि एक चित्र दाखवलं. काळ्यावर हिरवे ठिपके आणि तांबडे ठिपके. हिरवा तो बावटेवाला, तांबडा तो मुकादम, टिप्परवाल्यांना 'चला' म्हणून सांगणारा. मुकादमाच्या छातीवर एक बिल्ला असतो, तो बघितल्याशिवाय टिप्पर हलत नाहीत. हिरवा ठिपका तांबड्याला असा घट्ट लागून बसला होता की मधे जागा नव्हती.

"गळ्यात पडलोसा," मी म्हटलं.

"गळ्यात पडान बिल्लो काढून घेता, बाबा. आनि गिळता."

"गिळता?"

"आमी बिल्ल्याक रंग लावलेलो. थोड्या वेळान बघलां तर तो रंग बावटेवाल्याच्या पोटात."

मी गाडीवाला माणूस. मला हे एकदम समोर दिसलं. मुलगी पुढे सांगत होती, अँटिबॉडी नुसती खूण करत नाही. एक जात अशी आहे की ती बावटेवाल्याच्या हातावरच जाऊन बसते. मग त्याला बिल्ला काढता येत नाही. टिप्पर सुटतात. असं मुद्दाम करून बघतात, म्हणजे तो हात नेमका काय करत होता ते कळतं. आणि कर्करोगात तेच औषध म्हणून देतात, कारण गाठीभोवती हे थोपवणारे गोळा होऊन लढणाऱ्यांना अडवतात.

तिच्या आईने नेवरीची कड मुरडली, ताटात ठेवली आणि विचारलं, "आनि शाळेतली पोरां?"

मुलीने फोन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "ता सांभाळूचा लागता, आई. कधी कधी आतड्यार जाता, कधी काळजार. लक्ष ठेवचा लागता."

हे सगळं माझ्या बायकोला माहीत होतं. मलाही. हे मी आधीच सांगून ठेवतो.

त्याच हिवाळ्यात तिची लघवी तांबडी झाली. मूत्रपिंडात गाठ निघाली आणि छातीत डाग. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरने सांगितलं, गाठ काढून भागणार नाही, पसरलंय. दोन औषधं शिरेतून द्यायची, तीन तीन आठवड्यांनी, चार वेळा. मी मुलीला फोनवर औषधांची नावं अक्षरं वाचून सांगितली. दुसरं नाव तिने मला पुन्हा वाचायला लावलं.

"बाबा, ह्या ताच. बावटेवाल्याच्या हातार बसणारा. मी रोज हातात धरतंय ता."

"मग देवया काय नको?"

"देवया. माझा ऐका. देवया."

मला नको होतं. मी बायकोला म्हटलं, आपण इतकी वर्षं त्या बावट्याला शिव्या दिल्या, पण त्याच्यामुळे एक पोर चाकाखाली आलं नाही. ती म्हणाली, "तुमका काय कळता? तुमी चौथी नापास." चौथी पास आहे मी. पण ती तसंच म्हणायची.

मग देवळात गेली. गुरवाने पाकळ्या लावल्या. त्याचं गाऱ्हाणं अर्धं झालं नव्हतं, तेवढ्यात उजवी पाकळी पडली. गुरवाने ढकलली नव्हती, मी बघत होतो. ती घरी येईपर्यंत पाकळी मुठीत धरून होती. म्हणाली, "देवानच सांगल्यान. आता तुमी काय बोलू नकात."

पहिल्या सलाईनच्या दिवशी इस्पितळातून एक कार्ड दिलं. दुमडलेलं, जाड कागदाचं, इंग्रजी. मुलगी त्या वेळी सोबत आली होती. घरी आल्यावर तिने कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला निळ्या पेनाने मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, माझ्यासाठी. दिवसाला चार वेळा पातळ झालं तर त्याच दिवशी या नंबरावर फोन. घरचं औषध द्यायचं नाही. वाट बघायची नाही. खाली तीन रेघा ओढल्या. मला मोठ्याने वाचायला लावलं. मी वाचलं.

"पाठ झाला?"

"झाला गो."

मुलगी पुण्याला गेली त्या दिवशी बायकोने ती सुकलेली पाकळी कार्डाच्या घडीत ठेवली आणि कार्ड देव्हाऱ्यात देवाच्या तसबिरीमागे. "देवानच दिल्यान, देवाकडेच रवांदे."  मलाही ते बरं वाटलं. देव्हाऱ्यात गेलेल्या वस्तूला आंघोळीशिवाय कोण हात लावणार? आणि आंघोळ करून समोर उभं राहिल्यावर माणूस हात जोडतो, तसबिरीमागे काय लिहिलंय ते वाचत नाही. रोज सकाळी तिने त्यावर फूल ठेवलं. इस्पितळाने खिशात बाळगायला दिलेल्या कार्डाची आम्ही पूजा केली.

दोन सलाईनी सुखरूप गेल्या. तिसऱ्या वेळी छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाला, डाग लहान झालाय. ती इस्पितळाच्या कँटीनमध्ये दोन भजी-पाव खाऊन आली. येताना गाडीत गाणं म्हणत होती.

त्यानंतर दोन आठवड्यांनी सोमवारी शेजारणीने रसाळ फणस पाठवला. तिने गरे खाल्ले, मीही खाल्ले. मंगळवारी संध्याकाळपासून तिचं पोट गेलं.

मे महिन्यात आमच्याकडे कोणाचं पोट जात नाही? फणस, आंबे, काजूची बोंडं. पोट गेलं की पेज प्यायची आणि कुड्याची साल घ्यायची. माझ्या आईने मला दिली, आईच्या आईने तिला. घरामागे कुडा आहे. मी कोयती घेतली, साल काढली, दगडावर उगाळली, पाण्यातून दिली. बुधवारी सहा वेळा. गुरुवारी आठ. साल मी वाढवली.

गुरुवारी दुपारी म्हटलं, "ता कार्ड काढतंय मी."

"हात लावू नकात."

"लिवलेला आसा त्यात. चार वेळा."

"माका म्हायत आसा काय लिवलेला आसा." ती खाटेवर कुशीवर पडली होती. उठून बसली. "फोन केलात तर ते औषध बंद करतले. डाग ल्हान होता. आयकलास मां डॉक्टराचा? ल्हान होता. चौथी सलाईन येत्या आठवड्यात. तेवढी घेवंदे. मगे सांगा कोणाक सांगूचा ता."

"आनि शाळेतली पोरां?" मी म्हटलं. तिचाच शब्द.

तिने माझ्याकडे बघितलं. "माका जगूचा आसा हो," म्हणाली.

बेचाळीस वर्षांत तिने माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं. साडी मागितली असेल, घराला पत्रे मागितले. हे असं नाही. मी आणखी साल उगाळली.

मुलगी रोज संध्याकाळी फोन करायची. आई सांगायची, बरी आसंय. शुक्रवारी तिला संशय आला, आवाज बारीक येत होता म्हणून. म्हणाली, "बाबांका दी." मी फोन घेतला.

"बाबा, खरा सांगा. पोट बरा आसा मां तिचा?"

बायको समोर खाटेवर. डोळे माझ्यावर.

"बरा आसा," मी म्हटलं. "फणस खाल्ल्यान, सुस्त पडली आसा."

"नक्की?"

"नक्की गो. तू जेवलंस?"

हे माझं वाक्य आहे. फणसाचं नाही, औषधाचं नाही, देवाचं नाही. माझं.

शनिवारी जरा कमी झालं. तिला हुशारी आली. मला म्हणाली, बघा, उगाच घाबरलात. म्हणून रविवारी भिरंडं काढली आणि पडवीत बसलो. कमी का झालं होतं ते पुढे डॉक्टरने सांगितलं. आतडं दमलं होतं. चांगलं चिन्ह नव्हतं ते.

टोपलीच्या तळाला दहा-बारा भिरंडं उरली होती. ती एकदम थांबली. हातात अर्धी वाटी. दुसऱ्या हाताने पडवीचा खांब धरला. ओरडली नाही. "अहो," एवढंच म्हणाली. मी धरलं तर पोट दगडाच्या पाट्यासारखं लागलं.

गाडी बोलावली, आली. इस्पितळात नेल्या नेल्या नर्सने तिच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला आणि दचकली. "बोटं निळी पडलीत! डॉक्टर!" मी म्हटलं, "बाई, भिरंडं ती. भिरंडांचा रंग." माझे हात पुढे केले. माझीही तशीच होती, जांभळी. नर्सने आधी माझ्या हातांकडे बघितलं, मग तिच्या. मग चिमटा कानाला लावला.

एक डॉक्टरीण आली. आमच्या मुलीच्या वयाची. हातात कागद.

"जुलाब किती दिवस होते, काका?"

तिने पेन टेकवलं होतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडातून आलं, "दोन दिवस."

"घरी काही औषध दिलं?"

"काय नाय."

तिने दोन लिहिलं. दोन मला वाचता येतो. मी बघितला तो, आणि तसाच राहू दिला.

मुलगी संध्याकाळच्या विमानाने आली. तोपर्यंत पोट उघडून झालं होतं. आतडं फुटलं होतं. डॉक्टरांनी तिला बाजूला नेऊन इंग्रजीत सांगितलं. मी भिंतीला टेकून उभा. तिच्या तोंडावरून मला कळत होतं, आणि दोन दिवस, दोन दिवस असं मधे मधे ऐकू येत होतं. आईच्या तोंडात नळी होती. मुलीने तिचा हात धरला, बोटं बघितली, माझ्याकडे बघितलं. "भिरंडं?" म्हणाली. मी मान हलवली. त्या दिवशी आम्ही दोघं एवढंच बोललो.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ती गेली. पाच वाजता तिला गावात आणली, उजेड होता तोवर अग्नी दिला. मला कोणी काय सांगितलं, कोण आलं, कोण गेलं, काही आठवत नाही. माझी बोटं आठवतात. लाकूड धरलेली, जांभळी.

सुतकात चूल पेटवत नाहीत. शेजारणीने पेज आणि लोणचं आणून दिलं. आम्ही बापलेक पडवीत बसलो. भिरंडांचा टोप तसाच होता, सालं रसात बुडालेली, माश्या घोंघावत होत्या. पेज निवली.

मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचा काय चुकलां नाय."

मी टोपावरच्या माश्या वारल्या.

"दोन दिवसांत तुमी तिका नेलात. त्यापेक्षा बेगीन कोण नेता? इतक्या लवकर फुटणा नाय, डॉक्टर पण तेच म्हणता, असा बघलां नव्हता. म्हणजे औषधच तसा लागला. आनि ता मी घेवक लावलंय. ती देवळात गेली ती माझ्या शब्दार गेली." तिचा आवाज सपाट होता. "मी सरांका फोन केलंय. परत येवचंय नाय म्हणान सांगलंय. ता काम माझ्या हातान परत होवचा नाय. त्या बाटलीक हात लावतलंय आनि माका आई दिसतली."

 बायको गेली ते मला त्या वेळी जणू कळलंही नव्हतं. पण हे कळलं. माझ्या एका खोट्या दोनावर माझी मुलगी सगळा दोष स्वतःच्या माथी घेत होती. सांगितलं तर ती माझं तोंड बघणार नाही. नाही सांगितलं तर ती जन्मभर स्वतःचं तोंड आरशात बघणार नाही. मी पेजेची वाटी उचलली. प्यायलो. खरंच प्यायलो. वाटी खाली ठेवली.

ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. मीही पडलो.

सकाळी उजाडल्यावर मी उठून विहिरीवर आंघोळ केली. पोफळीच्या चोथ्याने बोटं घासली, रंग गेला नाही. ओल्या पंचाने आत आलो आणि देव्हाऱ्यासमोर उभा राहिलो. सुतकात देवाला हात लावत नाहीत. शेजारीण पेज घेऊन दारात आली होती, तिने बघितलं आणि "अहो, काय करतास? सुतक आसा!" म्हणून ओरडली. मी तसबीर उचलली. मागचं कार्ड घेतलं. घडीतली पाकळी कागदासारखी होऊन खाली पडली, ती पडू दिली.

स्वयंपाकघरातून कुड्याची वाटी आणली. तळाला उगाळलेली साल सुकून पिवळी पडली होती. मुलगी उठून बसली होती. कार्ड आणि वाटी तिच्या पुढ्यात ठेवली आणि खाली बसलो.

"पाच दिवस," मी म्हटलं. "मंगळवारपासून. दोन नाय. मी खोटा सांगलंय."

तिने कार्ड हातात घेतलं.

"शुक्रवारी तू विचारलंस तेव्हा नऊ वेळा झाली होती. मी तुका बरा आसा म्हणान सांगलंय. ही साल दिली. रोज."

"आईक म्हायत होता?"

"होता. ती नको म्हणाली. औषध बंद करतले म्हणान भियेली. तिका जगूचा होता."

"आनि तुमका?"

"माकाय म्हायत होता. मी वाचलेलंय. तूच वाचूक लावलेलंस."

तिने वाटी उचलली, वास घेतला, खाली ठेवली. कार्ड उलटं करून आपलंच अक्षर बघितलं. मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली आणि मागच्या दाराने बाहेर गेली. भिरंडांच्या टोपाजवळ पाठमोरी उभी राहिली. शेजारीण अजून दारात होती, पेज हातात घेऊन. तिला मी म्हटलं, ठेव आणि जा बाई.

मग फोन घेतला. कार्डावरचा नंबर एकेक आकडा बोट ठेवून लावला. आधी करायचा होता तो फोन. दोन वेळा वाजला आणि लगेच उचलला. इतक्या लगेच उचलतात ते.

एक बाई बोलली, "पेशंटला काय त्रास होतोय?"

"काय त्रास नाही. काल गेली ती."

पलीकडे थांबली. मग हळू म्हणाली, "काका, मग मी काय करू शकते?"

"तुमच्या कागदावर दोन दिवस लिहिलंय. ते पाच करा. खोटं होतं ते, मी सांगितलेलं. आणि घरचं औषध काही नाही असं लिहिलंय, तेही खोटं. कुड्याची साल दिली होती. ते लिहा."

"थांबा. डॉक्टरांना देते."

मी फोन कानाला लावून उभा राहिलो. कार्ड हातात. मागच्या दारात पावलं वाजली. मुलगी चौकटीला हात लावून उभी होती, आत आली नाही. डोळे सुजलेले.

"नुसतो पाच सांगू नकात," ती म्हणाली. "दिवसावार सांगा. खंयच्या दिशी किती वेळा, आनि साल केवढी दिली ती. तेंका ता लागता."

फोनवर ती डॉक्टरीण आली. तीच. आवाज ओळखला मी.

"बोला काका."

"लिहून घ्या," मी म्हटलं. "मंगळवारी संध्याकाळी, दिवे लावायच्या वेळेला, पहिल्यांदा."